"सर, रेकॉर्ड बनवायची प्रेस टाकू का?" आधी तबकडी बनते कशी ते बघा



भिवंडीतल्या कार्यशाळेत जेवणाच्या सुट्टीत एक तरुण माझ्याकडे आला. घरचे चोवीस यंत्रमाग, वडील आणि काका मिळून चालवतात. धंदा भिवंडीतल्या हजारो घरांसारखाच. व्यापारी सूत देणार, हे ग्रे कापड विणून देणार, मीटरवर मजुरी घेणार. मुलाने मोबाईल पुढे केला. व्हिडिओत एक मशीन होती. काळा गरम गोळा दोन चकचकीत पत्र्यांच्या मधे जातो, प्रेस बंद होते, अर्ध्या मिनिटात उघडते आणि गाण्याची रेकॉर्ड तयार.

"सर, बारा माग भंगारात काढतो, पप्पांची एफडी मोडतो, उरलेलं बँकेकडून घेतो आणि ही मशीन आणतो. जगात रेकॉर्ड परत आल्यात. आपल्याकडे कोणी बनवत नाही. करू का?"

मी त्याला विचारलं, "ही मशीन नक्की काय करते?" तो म्हणाला, "रेकॉर्ड बनवते." मित्रांनो, गडबड तिथेच आहे. ही मशीन रेकॉर्डचं फक्त शेवटचं अर्धं मिनिट सांभाळते. त्याच्या आधी काय काय घडतं आणि पैसा कुठे अडकतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. व्हिडिओत ते दिसतच नाही ना! त्या दिवशी हँडआऊटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी त्याला जे काढून दाखवलं, तेच आज तुमच्यासाठी सविस्तर लिहितोय.

मागणी आहे का? आहे. पण कुठे, ते बघा

मुलगा अगदीच हवेत बोलत नव्हता. अमेरिकेत २०२२ साली व्हिनाइल रेकॉर्डचे नग सीडीपेक्षा जास्त खपले, १९८७ नंतर पहिल्यांदाच. २०२३ मध्ये तिथे सुमारे ४ कोटी ३० लाख रेकॉर्ड गेल्या आणि सीडी ३ कोटी ७० लाख. हे तिथल्या रेकॉर्डिंग कंपन्यांच्या संघटनेचे आकडे आहेत.

"आपल्याकडे कोणी बनवत नाही" हे मात्र चूक. २०२४ मध्ये मुंबई परिसरात समन्वी डिजिमीडिया या कंपनीने रेकॉर्ड प्रेस करायला सुरुवात केली. देशात कित्येक वर्षं बंद पडलेलं काम पुन्हा सुरू झालं. म्हणजे तुमच्या शेजारीच एक खेळाडू मैदानात उतरलेला आहे. त्याच्याशी स्पर्धा करायची की त्याचं गिऱ्हाईक व्हायचं, हा प्रश्न मशीन घ्यायच्या आधीचा आहे. नंतरचा नाही.

आणि हा धंदा आपल्याला नवा नाही बरं का. हिंदुस्थानातल्या पहिल्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणांपैकी एक १९०२ साली कलकत्त्यात झालं, गौहर जानचं. पण तबकडी बनायला जर्मनीत हॅनोव्हरला गेली. आवाज इथला, कारखाना तिथला. १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात सियालदाला कारखाना काढला, तेव्हा माल इथे बनू लागला. पुढे त्यांचा डमडमचा कारखाना मोठा झाला. मुंबईत मराठी गाणं मुद्रित व्हायचं आणि तबकड्या डमडमहून छापून यायच्या. ग. ना. जोशी हे गायक आणि एचएमव्हीचे मुंबईतले ध्वनिमुद्रण अधिकारी. त्यांचं 'स्वरगंगेच्या तीरी' हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा.

मुंबईतही एक स्वदेशी प्रयत्न झाला. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, लेबलचं नाव 'यंग इंडिया', कारखाना वडाळ्याला. १९३० च्या दशकात सुरू झालेली ही कंपनी १९५० च्या दशकात बंद झाली. आज त्यांच्या तबकड्या संग्राहक शोधत फिरतात.

त्या काळच्या तबकड्या व्हिनाइलच्या नव्हत्या, लाखेच्या होत्या. लाख म्हणजे झाडावरच्या किड्याची, आपल्या गोंदियाकडेही होते तीच. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचं मिश्रण. जड, हातातून पडली की तुकडे, आणि मिनिटाला ७८ फेऱ्या, त्यामुळे एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. म्हणून जुनी गाणी आटोपशीर! १९४८ मध्ये कोलंबियाने अमेरिकेत व्हिनाइलची लाँग प्ले रेकॉर्ड आणली. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्या, बाजूला वीसेक मिनिटं. पुढे कॅसेट आली, मग सीडी, आणि प्रेस बंद पडल्या. मशीन भंगारात गेल्या हे ठीक, पण त्यांच्यासोबत ती हाताळणारे कारागीरही गेले. आज प्रेस विकत मिळते, तो माणूस विकत मिळत नाही.

काम सुरू होतं ते चर कापण्यापासून

आता मूळ विषय. रेकॉर्डवर जी बारीक रेघ दिसते ती एकच असते, बाहेरून आत गोल गोल जाणारी. एका बाजूच्या वीस-बावीस मिनिटांची ती रेघ सरळ केली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. जाडी केसाएवढी. तिच्या दोन्ही भिंती ४५ अंशात तिरक्या, एका भिंतीवर डाव्या स्पीकरचा आवाज, दुसऱ्या भिंतीवर उजव्या स्पीकरचा. सुई या चरातून जाते, भिंतींच्या वळणांनी हलते, त्या हलण्याचा आवाज होतो. बस, एवढंच. त्यात कुठली चिप नाही.

हा चर सगळ्यात आधी कापावा लागतो. ॲल्युमिनियमच्या सपाट चकतीवर लॅकरचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेला असतो. ती कटिंग लेथवर फिरवायची आणि माणकाच्या किंवा नीलमण्याच्या गरम केलेल्या सुईने चर कापायचा. गाणं वाजतंय आणि सुई कापतेय, एकाच वेळी. वीस मिनिटांचं गाणं म्हणजे वीस मिनिटं कटिंग. मधे चूक झाली तर ती चकती फेकायची आणि नवी घ्यायची.

स्टुडिओतली फाईल जशीच्या तशी कापता येत नाही. खर्जाचा आवाज फार असेल तर चर इतका रुंद होतो की शेजारच्या चरावर चढतो. म्हणून कापताना खर्ज कमी करतात, वरचे सूर वाढवतात आणि वाजवताना ॲम्प्लिफायर त्याच्या बरोबर उलटं करतो. याचं एक ठरलेलं प्रमाण १९५४ पासून जगभर चालतं. 'स' आणि 'श' फार धारदार असतील तर सुई खरखरते. गायिका 'सांज' म्हणते आणि स्पीकर शिट्टी मारतो!

अजून एक गंमत. रेकॉर्डची एक फेरी नेहमी १.८ सेकंदांचीच. पण बाहेरच्या कडेला तेवढ्या वेळात सुई ९० सेंटिमीटरच्या आसपास अंतर कापते आणि आत लेबलजवळ त्याच्या निम्म्याहून कमी. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबायचा. म्हणून शेवटचं गाणं शांत ठेवतात. जोरदार ढोल-ताशा बाजूच्या शेवटी ठेवलात तर फाटल्यासारखा ऐकू येणार, आणि गिऱ्हाईक बोल लावणार तुमच्या प्रेसला.

या कामातली जोखीम किती, ते एका घटनेतून कळतं. ६ फेब्रुवारी २०२० ला कॅलिफोर्नियात अपोलो मास्टर्स हा लॅकर चकत्यांचा कारखाना जळाला. जगाला लॅकर पुरवणारे मोठे कारखाने तेव्हा दोनच, एक हा आणि दुसरा जपानमध्ये. एका आगीत जगभरच्या प्रेसवाल्यांच्या पोटात गोळा आला. लॅकर टाळून थेट तांब्याच्या चकतीवर चर कापायचीही एक पद्धत आहे, पण तशा लेथ जगात मोजक्याच आहेत.

गणपतीचा साचा आणि निकेलचा पत्रा

लॅकर मऊ असतं. त्यावरून प्रेसिंग होत नाही, धातूचा साचा लागतो. आता पेणच्या गणपती कारखान्याची आठवण काढा. आधी मूळ मूर्ती, मग तिच्यावरून साचा, मग साच्यातून मूर्ती. साचा उलटा असतो, मूर्ती सुलटी. इथेही तसंच, फक्त तीन वेळा.

लॅकर धुऊन त्यावर टिन क्लोराइडचं पाणी आणि मग चांदीचं द्रावण फवारतात. चांदीचा इतका पातळ थर बसतो की चकती आरशासारखी होते. हे का करायचं? कारण लॅकरमधून वीज जात नाही, चांदीतून जाते. मग ती निकेलच्या बाथमध्ये सोडायची आणि करंट द्यायचा. काही तासांत निकेल जमतं आणि पत्रा तयार होतो. तो सोलून काढायचा. त्यावर चराच्या जागी उंचवटे असतात. हा झाला 'फादर'. सोलताना लॅकर बहुतेक वेळा खराब होतं, म्हणजे मूळ मूर्ती गेली. फादरवरून पुन्हा निकेल चढवून 'मदर' काढायची. हिच्यावर चर असतात आणि ती वाजवूनही बघता येते. मदरवरून तिसऱ्यांदा निकेल चढवलं की 'स्टॅम्पर'. हा जेमतेम पाव मिलिमीटर जाड पत्रा प्रेसमध्ये बसतो.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण स्टॅम्पर झिजतो. एका स्टॅम्परमधून साधारण हजाराच्या आसपास रेकॉर्ड निघतात, मग कडा बोथट होतात आणि आवाजात सळसळ येते. मदर जपून ठेवली असेल तर नवा स्टॅम्पर काढता येतो. नसेल तर पुन्हा लॅकर, पुन्हा कटिंग, पुन्हा खर्च.

स्टॅम्परला मधलं भोक पाडणं हे मला सगळ्यात नाजूक काम वाटतं. ते चराच्या बरोबर मध्यावर हवं. किंचित सरकलं तर रेकॉर्ड फिरताना सूर हेलकावतो. तानपुरा लावलाय आणि कोणीतरी खुंटी हळूहळू पिरगाळतंय, असं वाटतं. असा एक स्टॅम्पर म्हणजे त्यातून निघालेल्या सगळ्या रेकॉर्ड बाद.

आता ते व्हिडिओतलं अर्धं मिनिट

इथे भिवंडीकरांना सगळं ओळखीचं वाटेल, कारण हे प्लास्टिक मोल्डिंगच आहे. कच्चा माल म्हणजे दाणा. फक्त पाइपचा किंवा चपलेचा पीव्हीसी दाणा चालत नाही. इथे व्हिनाइल क्लोराइड आणि व्हिनाइल ॲसिटेट यांचा एकत्र बनवलेला दाणा लागतो. तो नीट वितळतो आणि त्या केसाएवढ्या चरात शेवटपर्यंत शिरतो. त्यात काजळीचा काळा रंग. रंगीत रेकॉर्डही निघतात, हल्ली तरुण गिऱ्हाइकांना त्याच हव्या असतात.

दाणा एक्सट्रुडरमध्ये १३०–१५० अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याचा जाडजूड गोळा पडतो. आकाराने मोठ्या पेढ्यासारखा. पेढ्याच्या वर एक लेबल, खाली एक लेबल. प्रेसमध्ये वर एका बाजूचा स्टॅम्पर, खाली दुसऱ्या बाजूचा. साच्यातल्या नळ्यांतून वाफ खेळते, शंभर टनांच्या आसपास दाब येतो, पेढा पसरून चरांत भरतो. लगेच त्याच नळ्यांतून गार पाणी सोडतात, म्हणजे माल घट्ट होतो. प्रेस उघडते, कडेला आलेली फ्लॅश कापली जाते. सगळं मिळून पंचवीस-तीस सेकंद. नेहमीची बारा इंची रेकॉर्ड १४० ग्रॅमच्या आसपास भरते, जाड हवी असेल तर १८०.

लेबलला गोंद लावत नाहीत! कागद तापलेल्या प्लास्टिकमध्ये दाबानेच बसतो. म्हणून लेबलं आधी भट्टीत वाळवतात. कागदात दमटपणा राहिला तर प्रेसमध्ये त्याची वाफ होते, लेबल फाटतं किंवा फोड येतो. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट आठवा आणि मग या वाक्याची किंमत करा.

बाहेर आलेली रेकॉर्ड अजून आतून गरम असते. ती सपाट पत्र्यांमध्ये ठेवून सावकाश गार करावी लागते. घाई केली तर ती वाकते आणि पापडासारखी होते. कधी दाणा चरात पूर्ण भरत नाही, तिथे वाजताना फाटल्यासारखा आवाज येतो. कधी धुळीचा कण अडकतो. दाणा जास्त तापला तर पीव्हीसी जळून हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. तो माणसांना वाईट आणि मशीनलाही वाईट, लोखंड खातो. तेव्हा "प्लास्टिकचंच तर काम आहे" असं म्हणून हवा खेळती न ठेवलेल्या गाळ्यात हे करू नका.

माल सुरू करण्याआधी पाच-दहा नमुना रेकॉर्ड काढून गिऱ्हाइकाकडे पाठवतात. त्याला टेस्ट प्रेसिंग म्हणतात. त्याने त्या पूर्ण ऐकून लेखी होकार द्यायचा, मगच पुढचा माल. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. पॅकिंगच्या धंद्यात होतो तेव्हा गिऱ्हाइकाकडून फोनवर "हो, ठीक आहे" ऐकून मी तीन हजार खोके छापून घेतले. नावात एक काना राहिला होता. लेखी काही नव्हतं, भरपाई माझ्या खिशातून गेली. खोक्यांचं निदान रद्दीत काहीतरी आलं. रेकॉर्डमध्ये तर दोन्ही बाजू, अख्खं गाणं, कोणीतरी बसून ऐकावंच लागतं. शेवटच्या दोन मिनिटांत खरखर असेल तर पहिली पाच मिनिटं ऐकणाऱ्याला ती कळणार कशी?

आता हिशोब. इथे त्या मुलाचा चेहरा बदलला

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, रेकॉर्डचा धंदा मागाच्या जॉबवर्कसारखा आहे आणि त्यात दुखणं छोट्या लॉटचं आहे.

मागवाल्यांना हे पटकन कळतं. सायझिंग करून बीम चढवायचा, एकेक धागा ओढून घ्यायचा, त्यात वेळ जातो. एवढं करून व्यापारी म्हणाला "फक्त शंभर मीटर हवंय", तर तुम्ही त्याला हाकलून द्याल. बीमचा खर्च शंभर मीटरवर कसा बसवणार? रेकॉर्डमध्ये मास्टरिंग, कटिंग, तीन वेळा निकेल आणि टेस्ट प्रेसिंग म्हणजे तो बीम. शंभर नग काढा नाहीतर हजार, तो खर्च तेवढाच.

हिशोब समजावा म्हणून आकडे धरू. हे बाजारभाव नाहीत, फक्त उदाहरण. समजा दोन्ही बाजूंची पूर्वतयारी १ लाख रुपये आणि त्यानंतर दाणा, वीज, मजुरी, लेबल, कव्हर मिळून नगाला २५० रुपये. शंभर नग काढले तर एक नग १,२५० ला पडला. तीनशे काढले तर सुमारे ५८३. हजार काढले तर ३५०. आता तुमचं गिऱ्हाईक कोण? पुण्यातला एखादा बँड, एखादं छोटं लेबल, एखादा रेकॉर्ड संग्राहकांचा गट. त्यांना हजार नग नको असतात. त्यांना दोनशे-तीनशेच हवे असतात. म्हणजे तुमचा प्रत्येक लॉट हा महागडा लॉट.

आता उलट्या बाजूने बघा. तीस सेकंदाला एक म्हणजे तासाला १२०. एका पाळीत बाद माल, साचा बदलणं, चहापाणी वजा करून ८०० चांगल्या रेकॉर्ड धरू. पंचवीस दिवसांत वीस हजार. तीनशे नगांची ऑर्डर मशीन अडीच-तीन तासांत खाऊन टाकते आणि पुन्हा तोंड उघडून बसते! वीस हजारांसाठी महिन्याला तीनशेच्या साठ-सत्तर ऑर्डर हव्यात. मी मुलाला विचारलं, "तुझ्या ओळखीत रेकॉर्ड काढणारे साठ जण आहेत का? दर महिन्याला नवे साठ?" तो हसला. मग म्हणाला, "सहा पण नाहीत, सर."

दाण्याचंही तेच. १४० ग्रॅमच्या वीस हजार रेकॉर्ड म्हणजे २,८०० किलो. फ्लॅश धरून तीन-सव्वातीन टन समजा. मशीन पूर्ण चालली तरी महिन्याचा माल एवढाच. भिवंडीच्या प्लास्टिकवाल्यांच्या हिशोबात ही किरकोळ खरेदी. एवढ्याशा मालासाठी खास दाणा बनवून द्यायला आणि भाव कमी करायला पुरवठादार का तयार होईल? तुमच्या हातात भावाची ताकद नाही.

याउपर परवानग्या. वाफेला बॉयलर लागतो, त्याची बॉयलर कायद्याखाली नोंदणी आणि दरवर्षीची तपासणी. सायझिंगवाला मित्र असेल तर त्याच्याकडे एक दिवस बसा, सगळं कळेल. निकेलचं प्लेटिंग स्वतः करायचं म्हटलं तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. इलेक्ट्रोप्लेटिंग लाल वर्गात येतं, सांडपाणी शुद्ध करण्याची सोय आधी दाखवावी लागते. मानकोली-काल्हेरच्या एखाद्या गोदामात भाड्याने जागा घेऊन उद्या प्लेटिंग सुरू, असं होत नाही. म्हणून जगातल्या अनेक छोट्या प्रेस कटिंग आणि प्लेटिंग बाहेरून करून घेतात, तयार स्टॅम्पर मागवतात. रस्ता चांगला आहे, पण मग तुमची तारीख दुसऱ्याच्या हातात. आणि पत्रा वाहतुकीत वाकला तर?

शेवटचा मुद्दा हक्कांचा. बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं की जुनी भावगीतं, नाट्यगीतं काढू, ती तर "जुनी" आहेत. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो. पण गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तबकडी मुक्त झाली तरी गाणं मुक्त झालेलं नसू शकतं. जॉबवर्क करणाऱ्यानेसुद्धा गिऱ्हाइकाकडून हक्कांचे कागद घेतल्याशिवाय लॉट लावू नये. धाड पडली तर माल तुमच्या गाळ्यात सापडतो, गिऱ्हाइकाच्या घरात नाही.

मग त्याने काय करावं?

मी त्याला "करू नको" म्हटलं नाही. आवड खरी होती, त्याच्या आजोबांच्या काळातला प्लेअर त्याने स्वतः दुरुस्त केलाय. मी म्हटलं, "एफडी राहू दे. माग राहू देत. आधी एक लॉट विकून दाखव." म्हणजे एक कलाकार शोधायचा, त्याच्याशी लेखी करार करायचा, दोनशे-तीनशे नग दुसऱ्याच्या प्रेसवर काढून घ्यायचे. कटिंग कुठे होतं, नमुना कसा तपासायचा, शंभरात किती परत येतात, गिऱ्हाईक पैसे कधी देतं, हे एका लॉटमध्ये समजतं. त्याची फी काही हजारांत किंवा लाखभरात भरावी लागेल. मशीन घेतल्यावर शिकायला गेलात तर फी वडिलांच्या एफडीएवढी होते.

दुसरं म्हणजे प्रेसच्या आजूबाजूची कामं बघ म्हटलं. आतली कागदी पिशवी, बाहेरचं पुठ्ठ्याचं कव्हर, पारदर्शक आवरण, टपालाने पाठवायचं न दुमडणारं खोकं. रेकॉर्ड परदेशी बनो की इथे, हे सगळं लागतंच. यासाठीची कटिंग, छपाई, पॅकिंग भिवंडी-ठाण्यात आजही चालते. गोदामं आणि ट्रक तर दारातच. फक्त रेकॉर्ड उभी ठेवायची, आडवी रचून वजन द्यायचं नाही आणि पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात ठेवायची नाही. पीव्हीसी आहे, वाकणारच.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. एका गायकाने अडीचशे नगांना होकार दिलाय, करार अजून व्हायचाय. पण सध्या तो अडकलाय दुसरीकडेच. कव्हरचा दर विचारायला गेला तर प्रिंटर म्हणाला, "हजाराच्या खाली मी मशीन लावत नाही." अडीचशे कव्हर वाजवी दरात कशी छापून घ्यायची, दोन-तीन लहान ऑर्डर एका शीटवर कशा बसवायच्या, हे पुढच्या व्हिडिओत प्रिंटिंगवाल्यांना सोबत घेऊन दाखवतो. तुमच्याकडे अशी लहान ऑर्डर अडकली असेल तर साईज आणि नग लिहून ठेवा, हिशोब करताना उपयोगी पडेल.